निर्दोष सुटल्यानंतर भरपाई: दिवाणी दावा की दंडाधिकाऱ्यांचा आदेश?

खोट्या फिर्यादीतून सुटलेल्या माणसापुढे भरपाईचे मुख्यतः दोन मार्ग असतात: द्वेषमूलक खटल्याबद्दल दिवाणी दावा लावणे, किंवा ज्या दंडाधिकाऱ्यांनी सोडले त्यांच्याकडूनच, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५० म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ खाली, फिर्यादीने आपल्याला भरपाई द्यावी असा आदेश मिळवणे. मी पहिला मार्ग धरला होता.

रकमेच्या दृष्टीने दावाच सरस, यात वाद नाही. वकिलांची फी, बुडालेली कमाई, अब्रू, मनस्ताप, सगळ्यांची मागणी त्यात करता येते. दंडाधिकारी मात्र आपल्या दंडाच्या अधिकाराइतकीच भरपाई देऊ शकतात आणि प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांची ती मर्यादा नव्या संहितेत ५०,००० रुपये आहे. खटला सत्र न्यायालयाचा असेल तर हा मार्ग मिळतच नाही.

निकालाची प्रमाणित प्रत हाती आल्यावर निम्मे काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिने खटला माझ्या बाजूने संपला एवढेच सिद्ध झाले. फिर्यादीला वाजवी कारण नव्हते आणि त्याच्या मनात द्वेष होता, हे दोन्ही मला नव्याने सिद्ध करायचे होते. फौजदारी खटल्यात मी गप्प राहिलो तरी चालले होते, इथे वादी म्हणून पिंजऱ्यात मलाच उभे राहावे लागले. जो साक्षीदार तिथे उलटतपासात कोलमडला होता, त्याला पुन्हा समन्स काढावे लागले आणि तोवर त्याने आपली हकीकत नीट बसवून घेतली होती. निकालात ‘संशयाचा फायदा’ असे शब्द होते. प्रतिवादीच्या वकिलांनी ते मला किती वेळा वाचायला लावले, हे मी मोजले नाही.

दंडाधिकाऱ्यांपुढे तोच पुरावा ताजा असतो आणि द्वेष सिद्ध करावा लागत नाही. आरोपाला वाजवी आधार नव्हता, एवढे त्यांचे मत झाले की पुरते. अडचण अशी की फिर्यादीकडून खुलासा मागवण्याचा आदेश सुटकेच्या निकालातच यावा लागतो. म्हणून अंतिम युक्तिवादातच तशी विनंती केलेली बरी; आमच्याकडून ती राहून गेली. निकालातले ते शब्द पाहता कदाचित नकारही मिळाला असता, तरी आज मी आधी तेच मागेन. तिथे मिळालेली रक्कम पुढील दाव्यात हिशेबात धरली जाते, पण दाव्याचा हक्क बुडत नाही. फक्त दाव्याची मुदत सुटकेपासून एकच वर्ष आहे, ती भरपाईच्या आदेशाची वाट पाहण्यात घालवू नये.