ग्रॅन टुरिस्मो ७ चा फोटो मोड: कॅमेऱ्याचं शटर गेल्यानंतरचे महिने

माझ्या डीएसएलआरचं शटर गेलं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात तोच कॅमेरा सेकंडहँड, लेन्ससकट मिळतो. वर जळगावात सेंटर नाही, म्हणून बॉडी कुरिअरने पाठवायची. तपासणीचे पैसे वेगळे, आणि दुरुस्ती नको म्हटलं तरी ते परत मिळणार नाहीत. फोनवर भांडलो, मेलवर मेल लिहिले, शेवटी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. मधल्या महिन्यांत फोटो काढायची हौस भागवली ती पीएस४ (प्लेस्टेशन ४) वरच्या ग्रॅन टुरिस्मो ७ या कार-शर्यतीच्या गेमने. गेम मार्च २०२२ मधला आहे, त्यात गाड्या किती, ट्रॅक कोणते हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते फोटो मोडबद्दल, म्हणजे गेम थांबवून आतल्याच कॅमेऱ्याने फोटो काढायच्या सोयीबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एका आकड्याबद्दल: शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं तो.

मला वेड आहे पॅनिंगचं. पळत्या गाडीसोबत कॅमेरा वळवायचा, शटर हळू ठेवायचं, म्हणजे गाडी धारदार येते आणि मागचं सगळं रेघांमध्ये ओढलं जातं. हे जमायला बर्स्टवर बर्स्ट (सलग धडाधड फोटो) मारावे लागतात, आणि साध्या डीएसएलआरच्या यांत्रिक शटरचं आयुष्य साधारण लाखभर क्लिकचं धरतात. म्हणजे सरावाची प्रत्येक संध्याकाळ खिशातून जाते. गेममध्ये ती फुकट. शर्यत संपली की रिप्ले लावायचा, हवा तिथे थांबवायचा, ट्रॅकच्या कडेला कॅमेरा ठेवायचा आणि १/२५० पासून १/१५ सेकंदापर्यंत सगळी शटरं त्याच एका क्षणावर लावून बघायची. खऱ्या आयुष्यात हे अशक्य आहे. तोच क्षण दुसऱ्यांदा येत नाही, त्यामुळे वाईट फोटो शटरमुळे आला की हात हलल्यामुळे, हे नवख्याला कधी कळतच नाही. इथे ते स्वच्छ कळतं.

हिशेबही डोक्यात पक्का बसला. ताशी १५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास ४२ मीटर कापते. १/१००० ला ती फक्त चार सेंटिमीटर सरकते, म्हणून चाकाचे स्पोक मोजता येतात आणि गाडी रस्त्यावर उभी असल्यासारखी दिसते. १/६० ला ती ७० सेंटिमीटर सरकते आणि फोटोत जीव येतो. जपानच्या सुझुका ट्रॅकच्या वळणावर हे तासन् तास करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी आनंद झाला.

या मालिकेत फोटो मोड आला तो २००४ च्या ग्रॅन टुरिस्मो ४ मध्ये, पीएस२ वर. निर्माते काझुनोरी यामाउची स्वतः जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरलेले आहेत. ट्रॅकच्या कडेला काय दिसतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि मोडमध्ये ते जाणवतं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ-नंबरमध्ये (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), शटर सेकंदाच्या अपूर्णांकात, फोकल लेन्थ मिलिमीटरमध्ये. नुसत्या शून्य ते शंभरच्या पट्ट्या नाहीत, म्हणून इथे शिकलेले आकडे कॅमेऱ्यापर्यंत सोबत येतात.

स्केप्स, म्हणजे जगभरच्या खऱ्या जागांच्या फोटोंत आपली गाडी उभी करायची सोय, सुरुवातीला फार आवडली. त्या फोटोंत खोलीची आणि उजेडाची माहिती साठवलेली असते, त्यामुळे गाडीवर त्या जागेचाच प्रकाश पडतो. धुळ्याला मामेभावाकडे पीएस५ वर रे ट्रेसिंगसह (उजेडाच्या किरणांचा हिशेब करून प्रतिबिंबं काढायचं तंत्र) पाहिलं, तर बॉनेटवरचं प्रतिबिंब खरोखर वेगळं होतं. पण तेवढ्यासाठी नवा कन्सोल घेणार नाही. महिन्याभराने स्केप्स उघडणंही सोडलं. उभ्या गाडीचा फोटो काढायला मला गेम कशाला हवा?

एवढ्यावर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. इथपर्यंतचा मजकूर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी लिहिलेला आहे. पुढचा नंतरचा.

गोलाणी मार्केटमधल्या एका दुरुस्तीवाल्याने त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या बॉडीतलं शटर काढून माझ्या कॅमेऱ्यात बसवलं. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या चौथाईपेक्षा कमी पैसे घेतले आणि माझ्यासमोर काम केलं. कॅमेरा हातात आला तसा सावदा-फैजपूर रस्त्यावर गेलो. केळीने भरलेले ट्रक आणि मागे केळीच्या बागा: उभ्या खोडांच्या आडव्या हिरव्या रेघा ओढल्या जातात, पॅनिंगला याहून चांगली पार्श्वभूमी आपल्याकडे नाही. भर दुपार होती. गेममधल्या सवयीने एफ/२.८ च्या जवळ जाऊया, शटर १/१५ ठेवूया असं ठरवलं. आधी तर कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. आणि फोटो? पांढराफटक. ट्रक नाही, केळी नाही, काही नाही.

माझी तक्रार आहे ती इथे. ग्रॅन टुरिस्मोमध्ये शटर कितीही हळू करा, अ‍ॅपर्चर कितीही उघडा, फोटोचा उजेड जागचा हलत नाही. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, गेम आपला आपण सांभाळून घेतो. खऱ्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना ठोकताळा आहे. त्याच उन्हात एफ/२.८ आणि १/१५ लावलं, तर सेन्सरवर दोनशे पटींहून जास्त उजेड पडतो. गेममध्ये मात्र भर दुपारी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात: मागचं मऊ धूसरही आणि वेगाच्या रेघाही. त्यातले बरेचसे देखणे फोटो उजेड कापणाऱ्या काळ्या काचेच्या (एनडी) फिल्टरशिवाय खऱ्या कॅमेऱ्यातून निघूच शकत नाहीत. फोटो मोडने मला हळू शटरचं फळ दाखवलं, किंमत दाखवली नाही. नव्या माणसाला सोपं जावं म्हणून आपोआप एक्सपोजर ठेवलं असेल, ते राहू द्या. पण सोबत ‘खरा उजेड’ असा एक पर्याय द्यायला काय हरकत होती? आयएसओची एक ओळ वाढली असती, एवढंच. बाकी सगळे आकडे खरे देता, मग हाच का नाही?

त्या दुपारी मग एफ/२२ वर गेलो. तिथेही १/५० च्या खाली उतरता येईना. शिवाय एवढं बारीक छिद्र केलं की चित्र एकूणच मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ आभाळात काळे ठिपके होऊन उमटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेन्स बदलणाऱ्याने हे ठिपके पाहिलेच असतील.

पण आखाजीला गावच्या बारागाड्या ओढायच्या उत्सवाला गेलो आणि मत पुन्हा थोडं वळलं. ऊन उतरल्यावर गाड्या निघतात, म्हणजे उजेडाचा प्रश्न आपोआप सुटतो. एकामागे एक बांधलेल्या गाड्या, त्यांवर माणसं लादलेली, पुढे ओढणारा भगत, दोन्ही बाजूंना त्याला साथ देणारे बगले. वेग शर्यतीच्या गाडीच्या जवळपासही नाही. ताशी दहा किलोमीटर धरले, तर १/६० ला गाड्या पाच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाहीत, म्हणजे रेघा येणारच नाहीत. हा हिशेब मला तिथे उभ्या उभ्या करता आला, आणि तो गेमने शिकवलेला होता. सरळ १/१० लावलं. पाय रोवले, कंबरेतून वळलो, गाड्या समोर काटकोनात येईपर्यंत थांबलो आणि क्लिक झाल्यावरही हात थांबवला नाही. मागून ‘भाऊ, बाजूले सरक!’ चालूच होतं. भगताचा चेहरा धारदार, कमरेचा दोर धारदार, मागची गर्दी रंगीत पट्ट्यांत ओढलेली. असा एक फोटो मिळाला. घरी तो मोठा करून लावलाय.

त्याच फोटोत गेमने न दाखवलेली एक गोष्ट दिसली. भगत धारदार आहे, पण मागच्या गाड्या शेवटाकडे पुसट होत गेल्यात. लांबलचक रांग जवळून टिपताना तिचा प्रत्येक भाग कॅमेऱ्यासमोरून वेगळ्या कोनीय वेगाने जातो, सगळी रांग एकाच वळणात धरता येत नाही. चारेक मीटरची गाडी टिपताना हा फरक मला कधी लक्षात आला नव्हता.

चुलतभावाने फोनवर तोच फोटो १/४००० ला काढायचं सुचवलं, त्यावरून फोटोत कललेल्या चाकांचं आठवलं. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगाने जाणारं वाहन तिरकं दिसतं. हा दोष जुना आहे. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिगने १९१२-१३ च्या सुमारास टिपलेल्या शर्यतीच्या गाडीचं चाक पुढे कललेलं आहे आणि प्रेक्षक मागे, कारण पडदा-शटरची फट काचेवरून सरकत होती. संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचणारा पहिला फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, सोनी अल्फा ९ थ्री, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला, आणि त्याची किंमत लाखांत आहे. गेममध्ये हा प्रश्नच नाही, चाक कायम गोल. मला मात्र ते कललेलं चाक फार आवडतं, त्यात वेग दिसतो.

पीएस४ असेल तर जुनी डिस्क घ्या, पॅनिंगचा हात आणि हिशेब दोन्ही बसतील. फक्त घर सोडताना सोबत एनडी फिल्टर ठेवा. फिरवून गडद करायचा स्वस्त फिल्टर घेऊ नका, वाइड अँगलला त्यात काळी फुली उमटते. मी एनडी६४ मागवलाय. तो सहा स्टॉप उजेड कापतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे भर उन्हात एफ/५.६ ला १/१२ च्या आसपास शटर मिळेल. फैजपूरच्या ट्रकांना तेवढं पुरतं.