वेंगुर्ल्याकडून मागवलेलं कोकम: आगळ एक नंबर, आमसुलं मस्त, लेबलावर मात्र थोडं बोलायचंय

वेंगुर्ल्याजवळच्या एका घरगुती उद्योगाकडून कोकम आगळ, आमसुलं आणि अमृत कोकम असं तिन्ही मागवलं. आगळाला पाचपैकी पाच, डोळे झाकून. नुसता रातांब्याचा (म्हणजे कोकमाच्या फळाचा) रस आणि मीठ, बाकी काही नाही, रंग इतका गडद की चमचा पांढऱ्या ओट्यावर ठेवला तर डाग घासून काढावा लागतो, आणि चव आंबट-तुरट पण घशाला न खवखवणारी. दोन चमचे आगळ, नारळाचं दूध, लसूण-मिरची ठेचून, वर कोथिंबीर, सोलकढीला जो गुलाबी रंग यायला हवा तो लगेच आला.

हा रंग म्हणजे अँथोसायनिन. जांभळात असतात त्याच गटातली ही रंगद्रव्यं, कोकमाच्या सालीत भरपूर, आणि कोकमाला अँटीऑक्सिडंट म्हणतात त्यात मोठा वाटा यांचाच. म्हणून मी कुठलंही कोकम आणलं की रंग खरा आहे का ते खायच्या सोड्याने बघते. वाटीत थोडं आगळ पाण्यात घ्यायचं आणि सोड्याचं पाणी थोडं थोडं घालत जायचं, आधी फसफसतं, मग लाल रंग जांभळट होतो आणि शेवटी मळकट निळसर-हिरवट. अँथोसायनिन आंबटात लाल राहतं, आंबटपणा गेला की रंग बदलतं. यांचं आगळ आणि आमसुलाचं पाणी दोन्ही असंच बदललं. घरात एका मोठ्या कंपनीचं कोकम सिरप होतं त्यावर पण केलं, तर ते फेस येऊन गेला तरी लालच्या लाल, बाटलीवर बारीक अक्षरात रंग घातल्याचं लिहिलेलंही होतं. पैसे कोकमाचे घ्यायचे आणि रंग डब्यातला द्यायचा, याचा मला खरंच राग येतो.

आमसुलं मऊ, काळपट जांभळी, सालीला साल चिकटलेली. त्यांनी फोनवर सांगितलं की साली मिठाच्या रसात भिजवून उन्हात वाळवतात, परत भिजवतात, परत वाळवतात, हे पाचसहा दिवस चालतं. एप्रिल-मेमध्ये फळ पिकतं आणि जूनला पाऊस उभाच असतो, मध्ये एक वळीव पडला तरी माल खराब, त्यामुळे भाव जास्त वाटला तरी मी घासाघीस केली नाही. अमृत कोकम ठीक, आमच्याकडे मुलं आवडीने पितात, मला साखर जास्त वाटली.

आता लेबल. "अँटीऑक्सिडंटचा खजिना, वजन झटपट घटवा" असं छापलंय. सालीत गार्सिनॉल हे अँटीऑक्सिडंट आहे, वजन घटवतं म्हणून गोळ्यांत विकतात ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे, हे खरंय. पण गार्सिनॉल पाण्यात विरघळतच नाही, मग सरबताच्या ग्लासात ते कितीसं उतरणार? आणि प्रयोगशाळेत डीपीपीएचचा (अँटीऑक्सिडंट तपासायला वापरतात त्या रसायनाचा) जांभळा रंग उतरवून दाखवला म्हणजे आपल्या पोटात गेल्यावर पण तेवढंच काम होईल असं नसतं, बरीचशी अशी द्रव्यं शरीरात फार थोडी शोषली जातात. वजनाचं तर सोडाच, त्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाच्या गोळ्यांवर जे अभ्यास झालेत त्यात फरक पडला तर अगदी किरकोळ, आणि तसल्या गोळ्या घेऊन काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणातल्या कोकमाची गोष्ट वेगळी, ते आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या खातातच, पण बाटलीवर असं छापू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ते लिहा की मोठ्या अक्षरात! हे मी त्यांना कळवलंय, आणि बीपीवाल्यांसाठी मीठ किती ते पण लिहा म्हटलं, कारण आगळात मीठ सणसणीत असतं. आमच्या सासूबाईंना म्हणूनच मी सोलकढीत वेगळं मीठ अजिबात घालत नाही.

दुसरी तक्रार बाटलीची. पारदर्शक प्लास्टिक. उजेड आणि उष्णता दोन्हीने हा रंग उडतो, तपकिरी पडतो, त्यामुळे आल्याबरोबर मी काचेच्या बाटलीत ओतून फ्रीजमध्ये ठेवलं. पॅकिंगचा एक स्टार कापला, पण कुरिअरमध्ये एक थेंब सांडला नाही हे पण सांगते.

मुठेल विचारलं होतं, बियांचं तेल, थंडीत टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही, पण ते संपलेलं. नवीन झालं की फोन करतो म्हणालेत, तेव्हा आगळाच्या अजून दोन बाटल्या सांगणार आहे, एक बहिणीला.