'रिव्हॉल्व्हर' ऐकायचाय, पण कुठला? मोनो, २००९ आणि २०२२ समोरासमोर

बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ५ ऑगस्ट १९६६ला इंग्लंडमध्ये निघाला. आज तो ऐकायचा किंवा विकत घ्यायचा म्हटलं की तीन रूपं समोर येतात: त्या काळचा मोनो (सगळे आवाज एकाच वाहिनीतून), त्या काळचाच पण २००९ साली रिमास्टर केलेला स्टिरिओ (डावं-उजवं वेगळं), आणि २०२२चा नवा स्टिरिओ मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे-गळ्यांचे आवाज नव्याने जुळवून केलेलं रूप. गाणी तीच चौदा, लांबीही पस्तीस मिनिटांच्या आसपासच. तरीही कानाला तिन्ही वेगळे लागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. हेडफोनवर ऐकणार असाल तर २०२२. खोलीत स्पीकर लावून ऐकणार असाल तर मोनो. २००९चा स्टिरिओ ज्यांच्या कानात वर्षानुवर्षं मुरलाय त्यांनी तो जरूर जपावा, पण पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी तो देणार नाही.

रिमास्टर वेगळं, रिमिक्स वेगळं

दुकानात आणि ॲपवर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि घेणारा तिथेच फसतो. रिमास्टर करताना १९६६ साली तयार झालेल्या मिक्सचीच टेप घेतात. तिचं डिजिटल रूप नव्याने करायचं, खटके-खरखर काढायची, आवाजाची पातळी आणि खर्ज-तीव्राचा तोल नीट करायचा, एवढंच काम. ड्रम डावीकडे असतील तर ते डावीकडेच राहतात. रिमिक्स करताना त्याच्याही मागे, चार ट्रॅकच्या (आवाज वेगवेगळ्या चार पट्ट्यांवर साठवणाऱ्या) मूळ टेपपर्यंत जातात आणि कोण कुठे उभं राहील, कोण किती मोठ्याने वाजेल, हे सगळं पुन्हा ठरवतात.

२००९चं काम पहिल्या प्रकारचं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या इंजिनिअरांनी बीटल्सच्या सगळ्या अल्बमवर मिळून चार वर्षं घालवली आणि ९ सप्टेंबर २००९ला स्टिरिओ आणि मोनो असे दोन वेगळे संच काढले. स्टिरिओत त्यांनी आवाजाची पातळी किंचित वर आणली, मोनोला तेवढंही लावलं नाही. १९८७च्या पहिल्या सीडीशी तुलना केली तर फरक लगेच कळतो: पॉल मॅकार्टनीचा बास भरीव झाला, झांजांवरचा पातळ चरचरीतपणा गेला. १९८७ साली बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 'हेल्प!' आणि 'रबर सोल' या दोन अल्बमचे मिक्स नव्याने केले होते, पण 'रिव्हॉल्व्हर'ला हात लावला नव्हता. त्यामुळे २०२२पर्यंत या अल्बमचा स्टिरिओ म्हणजे १९६६चाच स्टिरिओ, फक्त अधिक स्वच्छ.

१९६६च्या स्टिरिओची अडचण

त्या काळी इंग्लंडमध्ये घरोघरी मोनो प्लेअर होते. रेडिओ मोनो, सिंगल मोनो. स्टुडिओत जीव ओतला जायचा तो मोनो मिक्सवर. स्टिरिओ नंतर, कमी वेळात उरकला जायचा. त्यात ध्वनिमुद्रण चार ट्रॅकवर. जागा वाचवायला दोन-तीन वाद्यं एकाच ट्रॅकवर बसवावी लागत, आणि एकदा बसवली की ती कायमची एकमेकांना चिकटली.

'टॅक्समन' याचा उत्तम नमुना. ड्रम, बास आणि गिटार तिन्ही एका ट्रॅकवर आहेत. स्टिरिओ करताना हा अख्खा गठ्ठा डावीकडे टाकला गेला. मोठ्या खोलीत दोन स्पीकर लांब ठेवून ऐकलं तर हवेत थोडं मिसळतं, चालून जातं. पण हेडफोनवर गाण्याचा सगळा पाया डाव्या कानात आणि उजवीकडे वरचेवर वाजणारं काहीतरी, असं होतं. लोकलमध्ये उजवा इयरफोन लावून कुणी हे गाणं ऐकायला घेतलं, तर या गाण्याचं एवढं कौतुक का होतं हे त्याला कधीच कळणार नाही. २००९च्या रिमास्टरने या अडचणीत काडीचाही फरक पडला नाही. पडणारही नव्हता.

२०२२ला काय बदललं

पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधल्या विंगनट फिल्म्समध्ये एमिल द ला रे आणि सहकाऱ्यांनी 'गेट बॅक' या माहितीपट मालिकेसाठी एक संगणकी पद्धत तयार केली होती. एका ट्रॅकवर एकवटलेले आवाज ती ओळखून वेगळे करते. तीच इथे कामी आली. 'टॅक्समन'चा तो गठ्ठा सुटला आणि जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी सॅम ओकेल यांच्या साथीने ड्रम आणि बास मध्यभागी आणले. २८ ऑक्टोबर २०२२ला हा नवा मिक्स बाहेर आला.

'टॅक्समन' नव्या मिक्समध्ये ऐकताना पॉलचा बास पहिल्यांदा छातीला भिडतो. त्याच गाण्यातला तो फाटका, तिरका गिटार सोलोही पॉलचाच. या दोन गोष्टी एकाच माणसाने वाजवल्यात हे मला वाचून माहीत होतं, पण ते कानाने पटलं ते २०२२मध्ये.

'एलिनॉर रिग्बी'त फरक याहून सूक्ष्म आहे, आणि मला अधिक मोलाचा वाटतो. यात बीटल्सपैकी कुणीच वाद्य वाजवत नाही. चार व्हायोलिन, दोन व्हियोला, दोन चेलो, असा आठ जणांचा ताफा, रचना जॉर्ज मार्टिन यांची. वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रण इंजिनिअर जेफ एमरिक यांनी माइक तारांच्या इतके जवळ नेले की वादक अवघडले. गज तारेवर घासल्याचा तो कोरडा, खरखरीत आवाज त्या हट्टातून आला. जुन्या स्टिरिओत हे आठही जण मध्यभागी एका ठिकाणी दाटलेले आणि कडव्यांमध्ये पॉल उजव्या कोपऱ्यात एकटा. शिवाय पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला एक चूक राहून गेली आहे: आवाज दुहेरी करणारं यंत्र वेळेवर बंद झालं नाही, म्हणून 'एलिनॉर' हा शब्द दोन्हीकडून येतो आणि मग पॉल अचानक उजवीकडे सरकतो. एकदा ऐकलं की दर वेळी तिथे कान अडतो. २०२२मध्ये पॉल समोर आहे आणि ताफा त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. चेलो खालून उचलून धरतात आणि वरच्या व्हायोलिनचे ते तुटक आघात वेगळे मोजता येतात. या एका गाण्यासाठीही नवा मिक्स घ्यावा.

'लव्ह यू टू' आणि तबल्यावरचे भागवत

आपल्या कानांना सगळ्यात जास्त रस वाटेल असं गाणं चौथं. जॉर्ज हॅरिसनचं 'लव्ह यू टू' ११ एप्रिल १९६६ला मुद्रित झालं, म्हणजे त्याची आणि पंडित रविशंकरांची भेट व्हायच्या आधी. तबल्यावर आहेत अनिल भागवत. लंडनमधल्या एशियन म्यूझिक सर्कल या संस्थेतून ते आले. अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांचं नाव छापलेलं आहे, आणि त्या काळी बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या वेष्टनावर येणं फार दुर्मीळ होतं. रॉकच्या इतिहासातल्या इतक्या मोठ्या अल्बमच्या पाठीवर 'भागवत' हे आडनाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच.

गाणं लहानशा आलापीने उघडतं. मग सतारीवर मुखडा, तबला शिरतो, आणि शेवटी लय चढते. चढत्या लयीतलं ते वादन मोनोत काही सेकंद जास्त ऐकू येतं, कारण आवाज उशिरा विरवलाय. जिथे तबला खरा मोकळा होतो नेमकी तीच जागा आपल्याला अधिक मिळते, म्हणून या गाण्यापुरता माझा कौल मोनोला. पण बोलांचा स्वच्छपणा २०२२मध्ये आहे. डग्ग्याची मींड आणि खालचा घुमारा जुन्या स्टिरिओत इतर आवाजांत बुडतो, नव्यात तो शेवटपर्यंत हाती राहतो. चाटीवरची (तबल्याच्या कडेवरची) बोटंही सुटी ऐकू येतात. तबला शिकणाऱ्या कुणाला हे गाणं ऐकवायचं असेल तर आधी २०२२ ऐकवावं आणि मग शेवटासाठी मोनो.

२०२२च्या पाच सीडींच्या सुपर डिलक्स संचात याच गाण्याचा पहिला टेकही (मुद्रणाचा पहिला प्रयत्न) आहे, जॉर्ज आणि ॲकूस्टिक गिटार असा. गाण्याचा सांगाडा तिथे दिसतो आणि नंतर तबल्याने, सतारीने त्यात किती भर घातली ते कळतं.

मोनो कशासाठी

मोनोचा आग्रह म्हणजे जुन्या काळाचं वेड, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण मोनो मिक्समधला मजकूरच काही ठिकाणी वेगळा आहे. 'आय'म ओन्ली स्लीपिंग'मधली उलट्या टेपवरची गिटार मोनोत आणि स्टिरिओत वेगवेगळ्या जागी येते. 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ'मध्ये मोनोत पितळी वाद्यं जास्त अंगावर येतात, आणि त्या गाण्याला तेच हवंय. 'यलो सबमरीन'मध्ये जॉन लेननचं मागून ओरडणं मोनोत एक शब्द आधी सुरू होतं.

सगळ्यात मोठा फरक 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये. अल्बममध्ये हे गाणं शेवटी आहे, पण मुद्रित झालं सगळ्यात आधी, ६ एप्रिलला. तंबोऱ्यासारखा एकच स्वर धरून ठेवलेला, रिंगो स्टारचे ड्रम अविरत, आणि त्यावरून पाच टेप-लूपचे (टोकं जोडून गोल फिरत ठेवलेल्या टेपच्या तुकड्यांचे) आवाज पक्ष्यांच्या थव्यासारखे येतात-जातात. लूप टेपवर घेतलेले होते, पण ते आवाज कधी वर आणायचे हे मिक्स करताना हाताने ठरलं. मोनो करताना हात एका तऱ्हेने चालले, स्टिरिओ करताना दुसऱ्या. म्हणजे हे दोन वेगळे प्रयोगच झाले. मोनोत सगळं एकाच बिंदूतून येतं, पळायला डावं-उजवं नाही, आणि म्हणून ड्रमचा मारा अधिक सोसाट्याचा वाटतो. रिंगोच्या मोठ्या ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबून तो कोरडा ठोका मिळवला होता. तो ठोका मोनोत जसा आदळतो तसा दोन्ही स्टिरिओंत नाही.

नव्या मिक्सबद्दलची माझी तक्रारही हीच. वाद्यं सुटी झाली की प्रत्येकाचं कसब दिसतं, पण एकत्र आदळण्याचा जोर थोडा उतरतो. 'शी सेड शी सेड'मध्ये मला हे फार जाणवतं. गिटार आणि ड्रम यांची जी झुंज मोनोत एका गुंत्यात चालते, ती २०२२मध्ये नीट रांगेत उभी राहिल्यासारखी वाटते. 'फॉर नो वन'सारख्या शांत गाण्यात मात्र ही तक्रार नाही. ॲलन सिव्हिल यांचा हॉर्न तिथे जेवढा मोकळा होईल तेवढं चांगलंच.

कुठलं रूप कुठे मिळतं

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी गाण्याच्या नावापुढची शेपटी वाचायची. 'रिमास्टर्ड २००९' असेल तर तो जुना स्टिरिओ. '२०२२ मिक्स' असेल तर नवा. 'मोनो' हवा असेल तर 'सुपर डिलक्स' नावाच्या लांबलचक आवृत्तीत खाली उतरावं लागतं. फक्त 'रिव्हॉल्व्हर' टाइप करून पहिलं दिसेल ते लावलं तर बहुधा २००९ लागेल. डॉल्बी ॲटमॉसमधलं (चहूबाजूंनी आवाज येणारं) रूप फक्त डिजिटल आहे. सुपर डिलक्सच्या खोक्यात ब्लू-रे नाही, तेव्हा त्या आशेने खोका मागवू नका.

सीडी घेणाऱ्यांपुढे तीन पर्याय आहेत. एका सीडीत नवा मिक्स. दोन सीडींत नवा मिक्स आणि स्टुडिओतले निवडक टेक. पाच सीडींच्या सुपर डिलक्समध्ये ६३ ट्रॅक: नवा मिक्स, मोनो, दोन सीडीभर टेक, आणि त्याच सत्रांत झालेली पण अल्बममध्ये नसलेली 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन'. सोबत शंभर पानी पुस्तक. पाच सीडी महागात पडतात, पण मोनो आणि नवा स्टिरिओ दोन्ही एका जागी देणारा सीडी संच हाच. मधला दोन सीडींचा पर्याय मला अर्धवट वाटतो, कारण त्यात मोनो नाही आणि टेकही तुटक.

एलपीवाल्यांनी २०१४ची मोनो तबकडी शोधावी. ती मूळ मोनो टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न घेता कापली आहे, आणि दोन-चार जुन्या छपाया हाताळलेल्या लोकांनाही ती समाधान देते. आपल्याकडच्या जुन्या बाजारात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या तबकड्या अधूनमधून दिसतात. संग्रहासाठी घ्यायला हरकत नाही, पण सुईने घासून गेलेल्या तबकडीवरून या अल्बमचा निवाडा करू नये. विकणाऱ्याकडे प्लेअर असेल तर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वाजवून पाहा. तबकडीच्या आतल्या वळ्यांवर झीज सगळ्यात आधी बोलते, आणि 'टुमॉरो नेव्हर नोज' नेमकं तिथेच आहे.

पाच सीडींवर खर्च करावा की नाही अशा पेचात असाल तर स्ट्रीमिंगवर आधी संचातली दोन गाणी ऐका. एक, 'रेन'चा मूळ वेगातला टेक. प्रसिद्ध झालेल्या गाण्यातली साथ मुद्दाम जलद वाजवून मग टेप सावकाश फिरवून घेतली होती. इथे ती वाजवली तशीच धावते आणि रिंगोचा हात किती चालायचा हे उघड दिसतं. दुसरं, 'यलो सबमरीन'चा जॉनच्या आवाजातला घरगुती कच्चा मसुदा. सगळी मुलं ज्यावर नाचतात ते गाणं तिथे संथ आणि उदास आहे. हे दोन्ही ऐकून पुढचं ऐकावंसं वाटलं तर पाच सीडींचा खोका घ्या. नाही वाटलं तर नव्या मिक्सची एक सीडी आणि जमेल तेव्हा मोनो एलपी.