शॉट की ग्रिट? दोन मशीन आणि दहा महिने

शिरोली एमआयडीसीत आमचं ब्लास्टिंग-पेंटिंगचं जॉबवर्क चालतं. ब्लास्टिंग म्हणजे पोलादाचे दाणे जोराने मारून पृष्ठभाग साफ करणं; दाणे गोल असले तर शॉट, टोकदार असले तर ग्रिट. सुरुवात फाउंड्रीच्या कामावर झाली. कोल्हापुरात ब्लास्टिंग म्हणजे कास्टिंगवरची वाळू काढणं, आणि वाळू काढायची तर शॉट. दुसरा विचार कुणी करत नाही. आम्हीही अकरा वर्षं एस-३९० नंबरचा शॉट सोडून काही वापरलं नव्हतं. पुढे फॅब्रिकेशनवाल्यांचे चॅनेल, बीम, बेस फ्रेम यायला लागले. तेही त्याच हँगर मशीनमध्ये, म्हणजे जॉब टांगून फिरत्या व्हीलच्या ब्लेडने दाणे फेकणाऱ्या मशीनमध्ये, त्याच शॉटवर मारायला लागलो.

मागच्या मे महिन्यात बेस फ्रेमचा एक लॉट परत आला. वर झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, म्हणजे भरपूर जस्त असलेला रंगाचा पहिला थर होता. ड्रॉइंगवर एसए २½ हा सफाईचा दर्जा आणि ५० ते ७५ मायक्रॉन प्रोफाइल, म्हणजे खरखरीची खोली, मागितलं होतं. आमच्या वहीत सगळी रीडिंग त्या हद्दीत होती. तरी इन्स्पेक्टरने पुल-ऑफ टेस्ट घेतली, म्हणजे रंगावर डॉली नावाचा धातूचा तुकडा चिकटवून ओढला, तेव्हा डॉलीबरोबर प्रायमर सबंध उचलून आला आणि खाली लोखंड चकचकीत दिसलं. मशीनवरच्या मामांनी त्या जागेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, ह्याला धरायलाच काय न्हाई. गुळगुळीत लागतंय बघा."

सगळा उलगडा त्या अंगठ्याखाली होता. शॉट गोल असतो, तो हातोडीसारखा ठोकतो. पृष्ठभागावर वाटीसारखे खळगे पडतात. खोली मोजली तर भरते, पण खळग्यांच्या कडा गोलसर राहतात. ग्रिट टोकदार असते, ती छिन्नीसारखी कापते आणि कडा धारदार सोडते. साध्या प्रायमरला शॉटचा पृष्ठभाग पुष्कळदा चालून जातो. झिंक-रिचला मात्र कडा लागतात आणि मेटलायझिंगला, म्हणजे वितळलेल्या धातूच्या फवाऱ्याला, तर लागतातच. आणखी एक धडा म्हणजे चकाकीवर भरवसा ठेवायचा नाही. शॉटने मारलेलं लोखंड उजळ दिसतं, ग्रिटने मारलेलं मळकट राखाडी. नवीन माणूस उजळ बघून "हे जास्त साफ" म्हणतो. आमचंही तसंच झालं होतं.

जूनमध्ये ग्रिट मागवली. इथे आकड्यांची गंमत नीट समजून घ्या, नाहीतर पैसे जातील. शॉटचा नंबर वाढला की दाणा मोठा होतो. एस-३३० म्हणजे ०.०३३० इंच, साधारण ०.८४ मिलिमीटर; एस-३९० जवळजवळ १ मिलिमीटर. ग्रिटचं उलटं. तिचा नंबर चाळणीच्या जाळीचा असतो, म्हणून जी-२५ मोठी, साधारण ०.७ मिलिमीटर, आणि जी-८० अगदी बारीक. आमच्या खरेदीच्या मुलाने "जाड हवी" म्हणून पहिल्या ऑर्डरमध्ये जी-८० लिहिलं होतं. मी सही करताना पाहिलं म्हणून वाचलो.

दाण्याचा आकार निवडताना माझा नियम असा: काम होईल तेवढाच मोठा, त्याहून मोठा नको. व्यास निम्मा केला की दाण्याचं वजन आठवा हिस्सा होतं, म्हणजे त्याच किलोत आठपट दाणे आणि आठपट ठोके. जाड दाण्याने एकेक ठोका जोरात बसतो, पण मधली जागा सुटते. पातळ पत्र्याला पोचे येतात ते वेगळंच.

नंबरचा घोळ वाचला, कडकपणाचा नाही वाचला. पोत्यावर जी-२५ होतं, पुढची कडकपणाची अक्षरं मी विचारली नाहीत. आलेला माल जीएच निघाला, म्हणजे कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर साठच्या वरचा. तो दाबाच्या हवेने करायच्या ब्लास्टिंगसाठीचा माल. फुटतो, पण प्रत्येक तुकडा धारदार राहतो. व्हीलच्या मशीनमध्ये त्याने हाहाकार केला. ज्या ब्लेड आम्हाला तीन महिने जायच्या त्या पाच आठवड्यांत कागदासारख्या झाल्या. व्हीलच्या आतला इम्पेलर खाल्ला, त्याभोवतीची कंट्रोल केज खाल्ली, आतून बसवलेल्या लायनरच्या पत्र्याला एका बाजूने भोक पडलं. त्यात मी घाईने दोनच ब्लेड बदलल्या आणि व्हील असं थरथरायला लागलं की मामांनी मशीन बंदच केलं. ब्लेड पूर्ण सेटच बदला आणि समोरासमोरच्या जोड्या वजन करून लावा. यात काटकसर करू नका, बेअरिंग जातं आणि जवळ उभ्या माणसाला धोका होतो.

मग ऑगस्टमध्ये जीपी ही मऊ ग्रिट घातली. हिचा कडकपणा साधारण शॉटएवढाच. ब्लेड सुखी झाल्या. पहिला आठवडा पृष्ठभागही सुरेख, खरखरीत. पण मऊ ग्रिट ठोके खाऊन गोल होत जाते. तिसऱ्या आठवड्यात भिंगाखाली बघितलं तर निम्मे दाणे शॉटच झाले होते. ग्रिटचे पैसे मोजून पुन्हा शॉटचंच काम मिळत होतं.

सप्टेंबरपासून जे चाललंय ते असं: एस-३३० शॉट सत्तर टक्के, जी-२५ जीएल ग्रिट तीस टक्के. जीएल ही जीपी आणि जीएचच्या मधली. शॉट गरम रोलिंगची काळी पापडी तडकवून उडवतो, त्यात तो ग्रिटपेक्षा सरस आहे. ग्रिट मागून येऊन गंज खरवडते आणि धार पाडते. रीडिंग ६० ते ७० मायक्रॉनमध्ये राहतंय. ब्लेडचं आयुष्य नुसत्या शॉटपेक्षा कमी झालं, आमच्याकडे साधारण दोन-सव्वादोन महिने, पण सप्टेंबरनंतर एकही फ्रेम परत आलेली नाही. हे माझ्या मशीनचं आणि माझ्या मालाचं प्रमाण आहे, तुमचं वेगळं निघेल. प्रोफाइल मोजायला रेप्लिका टेप (पृष्ठभागाचा ठसा घेणारी पट्टी) वापरत असाल तर गेजवरच्या आकड्यातून फिल्मची ५० मायक्रॉन जाडी वजा करायला विसरू नका. आमच्याकडे एकाने ११८ लिहून ठेवलं होतं, खरं प्रोफाइल ६८ होतं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र पोत्यातल्या मालाबद्दल नाही, मशीनमध्ये फिरणाऱ्या मालाबद्दल. पृष्ठभागावर नवा दाणा एकटा कधीच पडत नाही. नवे, अर्धे झिजलेले, बारीक झालेले असे सगळे मिळून पडतात, आणि ते मिश्रण स्थिर असेल तरच काम रोज सारखं निघतं. आम्ही पूर्वी हॉपर, म्हणजे मशीनमधली दाण्यांची टाकी, तळाला गेला की सहा-आठ पोती एकदम ओतायचो. त्या दिवशीचं प्रोफाइल एक आणि आठ दिवसांनंतरचं भलतंच. आता रोज सकाळी व्हील मोटरचा अँपिअर मीटर बघतो; माल कमी पडला की काटा उतरतो. काटा ठरलेल्या आकड्याखाली बसला की २५ किलोचं पोतं उघडायचं, जेवढं कमी तेवढंच घालायचं. दर शनिवारी मूठभर माल चाळणीवर.

याच कारणासाठी कास्टिंग त्या मशीनमधून काढलं. कास्टिंगबरोबर वाळू येते, आणि दाण्यांतून धूळ-वाळू वेगळी करणाऱ्या सेपरेटरच्या हवेचा पडदा जरा फाटका पडला की वाळू मालात राहते. ब्लेडला ग्रिटपेक्षा ती वाळू जास्त खाते. जुनं टंबलास्ट, म्हणजे जॉब आत उलटेपालटे करत ब्लास्ट करणारं मशीन, दुरुस्त करून घेतलं, तिथे फक्त एस-३९० शॉट आणि फक्त कास्टिंग. कोअरने (साच्यातल्या वाळूच्या गाभ्याने) पडलेल्या खोबणीत शॉट उसळून आत जातो आणि वाळू काढतो. तिथे ग्रिटची काहीच गरज नाही, मी घालणारही नाही.

मेटलायझिंगचे जॉब वेगळ्या खोलीत, हवेवर, जी-४० जीएचने होतात. जीएचची खरी जागा ती. या खोलीत हेल्मेटला श्वासाची हवा फिल्टरमधून दिल्याशिवाय कुणी आत जात नाही. काही जण अजून स्वस्त म्हणून नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करतात, त्यांना कळकळीने सांगतो, बंद करा. सिलिकोसिस झालेलं फुफ्फुस परत बरं होत नाही.

पावसाळ्याचं सांगतो, कारण जुलैत आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. रविवारी हवेच्या लाइनमधलं पाणी काढायचं राहिलं आणि सोमवारी खोलीतली ग्रिट ढेकूळ होऊन बसली होती. ब्लास्ट केलेली फ्रेम दुपारच्या चहापर्यंत पिवळी पडायची. आता लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असेल तरच ब्लास्टिंग, नाहीतर जॉब थांबतो, गिऱ्हाइकाचा फोन आला तरी.

तेलाचंही तसंच. फॅब्रिकेटरकडून तेलकट चॅनेल आलं की तेल दाण्याला लागतं आणि पुढच्या प्रत्येक जॉबला फासलं जातं. काचेच्या बाटलीत माल घ्या, स्वच्छ पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. वर तवंग आला तर माल खराब. पाच मिनिटांची तपासणी आहे, आम्ही दर सोमवारी करतो. स्टेनलेसचा जॉब मात्र यातल्या कुठल्याच मालावर घेऊ नका. कार्बन स्टीलचे कण रुतून बसतात आणि चार दिवसांत गंजाचे ठिपके दिसतात.

जमिनीवर सांडलेला शॉट ताबडतोब झाडा. गोल दाण्यावर पाय छर्र्यांवरून घसरावा तसा घसरतो, डिसेंबरमध्ये आमच्या हेल्परचं मनगट त्यानेच मोडलं. ग्रिट एवढी घसरत नाही, पण झाडायची तीही.

जीपीची सहा पोती उरली होती. दुकानदार परत घेईना. टंबलास्टमध्ये ग्रिट नाही म्हटलं, त्याला हा एकच अपवाद: शेवटी ती तिथे शॉटबरोबर थोडी थोडी घातली. महिन्याभरात ती गोल होऊन शॉटमध्ये मिसळून गेली.