हरभऱ्याचं ओलित आणि पाच श्रेड अल्बम : दिवाळी ते होळीचा अनुभव

आमच्या शेतात ओलिताची लाईन, म्हणजे वीज, निम्मे दिवस रात्रीच येते. स्प्रिंकलर सुरू केला की तीन तास बसायचं, मग गाऱ्यात उतरून पाइप पुढच्या पट्ट्यात न्यायचे. वावरात नेटवर्क नाही, म्हणून दिवाळीतच फोनमध्ये पाच अल्बम भरून ठेवले. सगळा गिटारचा मेटल, गाणं जवळपास नाहीच. श्रेड म्हणजे अशी सुसाट वेगानं वाजवलेली गिटार. आता हरभरा घरात आला, तर लिहितो.

पहिला लावला यंगवी मालमस्टीन या गिटारवाल्याचा 'रायझिंग फोर्स', १९८४ चा. दोन ठिकाणी गायक येतो, बाकी सगळं गिटारच बोलते. आठ दिवस मी नुसता येडा झालो होतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र थ्रेशर चालू असल्यासारखं वाटायला लागलं, दाणे भरभर पडतात पण एकही हातात येत नाही. आमचे काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना इयरफोनचा एक कान दिला. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अबे, हे तं किरवाणी हाय! पण याले एवढी घाई कायची झाली?" बरोबर होतं त्यांचं. ग आणि ध कोमल, नि शुद्ध, तेच सूर. तिकडे त्याला हार्मोनिक मायनर म्हणतात.

टिकला तो जेसन बेकरचा 'पर्पेच्युअल बर्न', १९८८ चा. जन्म १९६९ चा, म्हणजे वाजवणारं पोरगं अठरा-एकोणीसचं. त्यातलं 'आल्टिट्यूड्स' मी किती रात्री ऐकलं याचा हिशेब नाही. वेग इथेही भरपूर आहे. स्वीप पिकिंग म्हणजे पिक (तार छेडायची छोटी पट्टी) झाडूसारखं एका ओढीत तारांवरून न्यायचं, आणि डाव्या हाताचं बोट सूर वाजला की लगेच सैल करायचं, नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवतात. इथे तसं होत नाही, एकेक सूर सुटा ऐकू येतो. शिवाय त्या धावपळीआधी एक चाल आहे, जी तुम्ही पाइप खांद्यावर घेऊन गुणगुणू शकता. 'एअर' तर दोन वाजता, थंडीत, शेकोटीपाशीच ऐकावं. पुढे बेकरला एएलएस हा स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार झाला, हात चालेनासे झाले, तो डोळ्यांच्या इशाऱ्यांनी संगीत रचतो. हे कळल्यावर ऐकणं बदललं असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण नाही बदललं. अल्बम आधीच आवडला होता.

मार्टी फ्रीडमनचा 'ड्रॅगन्स किस' त्याच वर्षाचा, बरा आहे, चाली जरा वाकड्या वळणाच्या. सॅट्रियानीचा 'सर्फिंग विथ द एलियन' (१९८७) घरात लावता येतो, माय ओरडत नाही. स्टीव्ह व्हाय याचा 'पॅशन अँड वॉरफेअर' पुरा काही झाला नाही. मधेच मास्तरीणबाई बोलायला लागतात, रात्री एकट्यानं बसलेलो असताना दचकायला होतं. 'फॉर द लव्ह ऑफ गॉड' तेवढं ठेवलं, बाकी डिलीट.

इयरफोनचं वेगळंच. खोक्यावर 'पाण्यानं काही होत नाही' छापलेलं, अन् दुसऱ्याच महिन्यात डावा कान मेला. दुकानदार म्हणे, "पाणी गेलं भाऊ, वॉरंटी संपली." चार दिवस शिव्या घातल्या. मग एका रात्री त्याच मोकळ्या कानानं बांधाकडून डुकरांचा खसखसाट ऐकला आणि बॅटरी मारली. तेव्हापासून नवीन घेतले नाहीत. फक्त स्प्रिंकलरची टिकटिक उजव्या कानातल्या ड्रमशी कधी जुळत नाही, तेवढा त्रास आहे.

काकांनी 'आल्टिट्यूड्स'ची सुरुवातीची चाल पेटीवर बसवली आहे. सूर सगळे लागतात, पण जिथे बेकर तार ओढून सूर वर नेतो तिथे पेटीची पट्टी काही वाकत नाही, आणि काका दर वेळी तिथेच भाता थांबवून माझ्याकडे रागानं पाहतात.