धबधब्याच्या फोटोसाठी सीपीएल फिल्टर: गोडचिनमलकीच्या दरीत वापरून बघितल्यावर

धबधब्याचे फोटो म्हटलं की सगळे आधी एनडी फिल्टर (नुसता उजेड कमी करणारी गडद काच) घ्यायला धावतात, आपल्या बेळगावातली पोरं पण तेच करतात, पण मला विचाराल तर पहिल्यांदा सीपीएल घ्या. सर्क्युलर पोलरायझर म्हणतात तो, लेन्सच्या पुढं बसवून गोल फिरवायचा. मी मधल्या किमतीतला ७७ एमएमचा घेतला, अडीच हजाराच्या आसपास गेले, आणि आता दरीत उतरायचं म्हटलं की बॅगेत दुसरं काय असो नसो, हा पाहिजेच. कंपनीचं नाव देत नाही, कुठल्याही कंपनीचा घ्या पण दुकानात तपासून कसा घ्यायचा ते खाली लिहिलंय, ते जास्त कामाचं आहे.

गोडचिनमलकी ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या राकसकोपच्या धरणात अडवलेली मार्कंडेय नदीच पुढं गोकाक तालुक्यात जाऊन खडकाळ दरीत दोन टप्प्यांत पडते, पहिला टप्पा साधारण २५ मीटर आणि तिथनं थोडं वाहत जाऊन दुसरा २० मीटरच्या आसपास. गोकाकपासनं १५ किलोमीटर धरा. गावाच्या पुढं चालायचं, आधी झाडी आणि मग नुसता खडक, आणि हा खडक आंबोलीकडच्यासारखा काळा नाही, तांबूस वाळूचा दगड आहे, एकावर एक थर असलेला, उन्हात नुसतं बघत बसावं असा. वरच्या अंगाला शिरूरचं धरण आहे, त्यामुळं गावात कुणालातरी "नीर भाळ ऐतेन्री?" (पाणी फार आहे काय?) असं विचारल्याशिवाय खाली उतरू नका, पाणी वाढलेलं असलं तर वरनंच बघून परत फिरायचं. ओल्या थरावर चांगला बूट पण घसरतो.

तर हाच तांबूस दगड ओला झाला की फोटोत पांढरट येतो. तिथं उभं असताना तेवढं जाणवत नाही, पण घरी येऊन बघितलं की दगडावर, पानांवर, डोहावर सगळीकडं आभाळाची चकाकी पसरलेली असते आणि रंग तिच्या खाली दबलेला. सीपीएल फिरवायला लागला की ती चकाकी हळूहळू उतरते आणि दगडाचा तांबडा, शेवाळाचा हिरवा, डोहाच्या तळाचे गोटे, सगळं वर येतं. पहिल्यांदा बघताना मी तर फोटो काढायचं सोडून नुसता फिल्टरच फिरवत होतो. एडिटिंगमध्ये हे होत नाही हो, सॅच्युरेशन वाढवाल पण चकाकीमुळं जो रंग कॅमेऱ्यात आलाच नाही तो आणणार कुठनं?

कोन तेवढा सांभाळायचा. पाण्याच्या पातळीशी साधारण ३५ ते ४० अंशात बघत असाल तर सगळ्यात जास्त फरक पडतो, अगदी सरळ खाली वाकून बघितलं तर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळं ट्रायपॉड एका जागी रोवायच्या आधी कॅमेरा हातात घेऊन जरा बसून, जरा मागं सरून, फिल्टर फिरवत बघा आणि जिथं डोह साफ दिसेल तिथंच ट्रायपॉड लावा.

आता शटरचं. दरीत ऊन उतरायच्या आधी किंवा ढगाळ असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) ला साधारण १/१५ सेकंद मिळतं, सीपीएल दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) म्हणजे झालं १/४ सेकंद. पाणी मऊ दिसायला एवढं बास झालं. आणि माझं मत विचाराल तर एवढंच बरं पण दिसतं, लोक पाच-पाच सेकंद शटर उघडं ठेवून पाण्याचा नुसता धूर करून टाकतात ते मला बघवत नाही, धार दिसली पाहिजे की, पाणी कुठल्या थरावर आपटून कुठं वळलंय ते कळलं पाहिजे. म्हणजे दरीतल्या सावलीत एनडीचं काम हाच करतो आणि वर रंग पण देतो.

गोकाक फॉल्सला मात्र एनडी लागतोच. घटप्रभा तिथं ५२ मीटरवरनं एकदम खाली येते, सगळं उघड्यावर, आणि ऊन असलं तर एफ/११ ला १/२५० येतंय, सीपीएल लावून फार तर १/६० पर्यंत उतरतं. सीपीएलऐवजी ६ स्टॉपचा एनडी६४ लावला की त्या १/२५० चं १/४ होतं. पण वरच्या हिडकल धरणाचं पाणी सोडल्यावर तो गढूळ लाल लोंढा बघायला गेलात तर एनडी लावूच नका, तिथं पाण्याचा जोर दाखवायचा असतो, १/५०० वगैरे शटर ठेवा. झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावून उपयोग नाही, चार माणसं चालली की पूल हलतोय.

आणि एक फार महत्त्वाचं, तुषारांत इंद्रधनुष्य दिसत असलं तर सीपीएल जपून फिरवा. इंद्रधनुष्याचा उजेड मुळातच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो त्यामुळं एका बाजूला फिरवलं की ते भडक होतं आणि तिथनं पाव वळसा पुढं गेलं की जवळजवळ गायब.

जांबोटीकडं म्हादईवरच्या वज्रपोह्याला तर याच्याशिवाय जाऊच नये असं मला वाटतं, सगळं दाट जंगल, प्रत्येक पान ओलं आणि प्रत्येक पानावर पांढरा ठिपका, तिथं फरक गोडचिनमलकीपेक्षा पण जास्त दिसतो. तिकडं वनखात्याला विचारूनच जायचं, पावसात बंदी असते आणि ती पाळा, कारण काय झालं तर बाहेर काढायला गावातल्याच लोकांना उतरावं लागतंय. आंबोलीला धुकं दाट असलं की सीपीएल काढून बॅगेत टाका, तिथं नुसता उजेड खातो.

तक्रारी पण आहेत. १६ एमएमसारख्या वाईड लेन्सवर निळं आभाळ एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, हा कुठल्याही सीपीएलचा गुण आहे, उपाय म्हणजे आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, दरीत तसं पण त्याची गरज नसते. माझ्या फिल्टरची रिंग फार पातळ आहे, वाळूचा कण शिरला की कर्रकर्र वाजते आणि कधीकधी लेन्सवरच गच्च बसते, मग कडेला जाड रबरबँड गुंडाळून फिरवलं की सुटते. पाणी सरकून जाण्याचं कोटिंग आहे म्हणून लिहिलेलं असतं, पण धबधब्याच्या समोर तुषार बसतातच, दोन मायक्रोफायबरची कापडं कोरडी ठेवा आणि आधी ब्लोअरनं वाळू उडवा, मगच पुसा.

दुकानात तपासायचं असं: मोबाईलवर पांढरी स्क्रीन लावा, फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडं करून मागनं बघा आणि फिरवा. एका जागी स्क्रीन एकसारखी काळी झाली पाहिजे, जांभळी किंवा निळसर राहिली तर घेऊ नका. उलटा धरला तर काळी होत नाही, तेव्हा लगेच खराब म्हणून परत देऊ नका. मग पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, कागद पिवळट दिसला तर फोटो पण तसेच येणार.

साईज तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सची घ्या आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची) लावा, रिंगा स्वस्त मिळतात. फक्त रिंग लावली की लेन्सचं हूड (पुढचं झाकणासारखं कडं) बसत नाही, तेव्हा तुषारांसाठी छत्री धरायला कुणालातरी सोबत न्या. मोबाईलनं फोटो काढणाऱ्यांनी पण मित्राचा सीपीएल मागून मोबाईलच्या लेन्ससमोर धरून फिरवून बघा, तिथं पण चालतोय.