चकत्या चोवीस, लागते एकच : इंग्रजी वाक्यजुळणीच्या पट्ट्यांचा संच

तालुक्याच्या पुस्तकांच्या दुकानांत सध्या इंग्रजी वाक्यजुळणीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा संच मिळतो. किंमत १८० रुपये. पाचवी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तो काढला आहे. डब्यात नामांच्या ४० निळ्या पट्ट्या, क्रियापदांच्या ३० लाल पट्ट्या, 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांच्या १२ पिवळ्या पट्ट्या, 'एस' छापलेल्या २४ गोल चकत्या आणि ३२ पानांची पुस्तिका आहे. मुलानं बाकावर पट्ट्या लावून वाक्य करायचं, मग वहीत उतरवायचं. घ्यावा का? जरूर घ्यावा. पण डबा उघडल्याबरोबर २४ पैकी २३ चकत्या उचलून बाजूला ठेवा.

कारण असं. मराठीत अनेकवचनाची खूण नामावरही उमटते आणि क्रियापदावरही : मुलगा पळतो, मुलगे पळतात. मुलाच्या कानाला ही सवय असते, म्हणून इंग्रजीतही ते दोन्हीकडे 'एस' लावतं आणि 'बॉइज रन्स' लिहितं. हाताशी चकत्यांचा ढीग असला की ही चूक आणखी पक्की होते. चकती एकच द्या. 'द गोट' आणि 'ईट' या पट्ट्या शेजारी ठेवा. बकरी एक असेल तर चकती 'ईट'ला : 'द गोट ईट्स'. दुसरी बकरी आली की तीच चकती क्रियापदावरून उचलून नामाला लावायची : 'द गोट्स ईट'. बोटानं चकती हलवताना जे कळतं ते फळ्यावर नियम लिहून कळत नाही.

नकारात 'डझ' आला की चकती त्यानं गिळली असं समजायचं. 'द गोट डझ नॉट ईट'. 'डझ नॉट ईट्स' लिहिणाऱ्या मुलाला विचारा, दुसरी चकती आणली कुठून?

हा हिशोब कर्ता आणि साध्या वर्तमानकाळातलं क्रियापद एवढ्यापुरताच आहे. 'ही सेल्स गोट्स' मध्ये विकल्या जाणाऱ्या बकऱ्यांची चकती वेगळी. बाजूला ठेवलेल्यांपैकी एक हिरव्या स्केचपेननं रंगवून कर्मासाठी ठेवा. 'मेन', 'चिल्ड्रन', 'ऑक्सन' यांना चकतीच लागत नाही, त्यांच्यापुढे क्रियापदही कोरंच : 'द ऑक्सन ग्रेझ'.

पुस्तिकेत प्रमाण मराठीतून समजावलं आहे, आणि आपल्या वऱ्हाडात नेमकं तिथंच घोडं अडतं. 'तो म्हणतो, ती म्हणते, ते म्हणतं' असे तीन रकाने दिले आहेत. ते पाहून मूल इंग्रजी क्रियापदात लिंग शोधत बसतं. वऱ्हाडीत ही भानगडच नाही. बाप म्हणते, माय म्हणते, लेकरू म्हणते, लेकरं म्हणतात. आता इंग्रजी पाहा : फादर सेज, मदर सेज, चाइल्ड सेज, चिल्ड्रन से. सांधा जसाच्या तसा जुळतो. 'पोट्टा खेयते' मध्ये 'ते' ऐकू आलं की क्रियापदाला चकती, 'पोट्टे खेयतात' मध्ये 'तात' ऐकू आलं की चकती नामाकडे. घरची बोली अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर ठेवण्याची सवय इथं महागात पडते. वऱ्हाडी मुलाजवळ हा धागा आधीच आहे, तो पुस्तिकेनं हातात घ्यायला हवा होता. 'आय' आणि 'यू' या दोघांना चकती कधीच लागत नाही, हे मात्र वेगळं सांगावं लागतं.

'तात' एका ठिकाणी फसवतं, ते म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'सर शिकवतात', 'माझे वडील शेतकरी आहेत'. मूल 'माय फादर आर अ फार्मर' लिहितं, कारण त्याला वडिलांना 'आहे' म्हणवत नाही. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. मुलाला सरळ सांगावं की इंग्रजी क्रियापद मान मोजत नाही, डोकी मोजतं. वडील एक, म्हणून 'इज'. त्याच चुकीच्या वाक्यात 'आर' आणि 'अ' शेजारी आलेत. 'अ' हा मुळात 'एक'च, त्यामुळे 'आर अ' दिसलं की वाक्य बहुतेक वेळा बिघडलेलं असतं. वही तपासताना ही खूण फार कामाची आहे.

दुसरी फसगत 'बैल', 'दगड', 'शेतकरी' या शब्दांची. एक असो की दहा, शब्द तोच. किती आहेत ते क्रियापद सांगतं. बैल चरतो, बैल चरतात. म्हणून मूल 'द फार्मर आर सोइंग' लिहितं आणि नामाला चकती लावायची राहून जाते. अशा नामांच्या निळ्या पट्ट्यांवर कोपऱ्यात पेन्सिलनं टिंब करून ठेवा. मुलं अडतात ती बहुतेक याच पट्ट्यांवर.

तिसरी अडचण 'नं'च्या वाक्यांची. 'रामानं संत्री खाल्ली आहेत.' इथं मराठी क्रियापद संत्र्यांकडे पाहून बदलतं, म्हणून मूल 'राम हॅव ईटन ऑरेंजेस' करतं. खाणारा राम एकटा आहे, इंग्रजी त्याच्याकडेच पाहतं : 'राम हॅज ईटन ऑरेंजेस'. आधी कर्त्याच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवायचं आणि ते न उचलता क्रियापद निवडायचं.

न मोजता येणाऱ्या नामांचं पान या पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं पान आहे. मराठीत अनेकवचनी पण इंग्रजीत एकवचनी चालणारे शब्द एकत्र दिले आहेत : तांदूळ महाग आहेत, पण 'राइस इज', पैसे आहेत, पण 'मनी इज', केस पांढरे आहेत, पण 'हेअर इज'. शेजारी उलटी जोडी आहे : कात्री बोथट आहे, पण 'सिझर्स आर', पँट फाटली आहे, पण 'ट्राउझर्स आर', चष्मा कुठं आहे, पण 'स्पेक्टॅकल्स आर'. यात 'सगळे आले आहेत'साठी 'एव्हरीबडी हॅज कम' हाताने लिहून घ्या. 'एक लेडीज आली' असं आपण रोज बोलतो, त्यामुळे 'अ लेडीज' हटकून येतं, तिथं 'अ लेडी' हवं, तेही जोडा. उत्तरसूचीत मात्र दोन चुका राहिल्यात. 'कॅटल इज ग्रेझिंग' छापलं आहे, तिथं 'आर' हवं. 'द न्यूज आर' छापलं आहे, तिथं 'इज' हवं. मुलाच्या हाती देण्याआधी लाल पेननं दुरुस्त करा.

आता पिवळ्या पट्ट्या. 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांचा धडा पुस्तिकेत पार शेवटी, क्रियापदांपासून वेगळा टाकला आहे. आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच. या पट्टीनंसुद्धा क्रियापद बदलतं. 'अ नंबर ऑफ फार्मर्स हॅव कम' म्हणजे बरेच शेतकरी आले, म्हणून 'हॅव'. 'द नंबर ऑफ फार्मर्स हॅज गॉन अप' म्हणजे शेतकऱ्यांची संख्या वाढली. संख्या एक, म्हणून 'हॅज'. 'पुअर'च्या आधी 'द' लावला की तो गरीब माणसांचा समूह होतो : 'द पुअर आर'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी : 'वन ऑफ द बुलक्स इज लेम'. 'अ लॉट ऑफ'चं क्रियापद पुढच्या नामावर ठरतं : 'अ लॉट ऑफ वॉटर इज', 'अ लॉट ऑफ बुलक्स आर'. पिवळी, निळी आणि लाल पट्टी एकाच वेळी उचलल्याशिवाय यातलं एकही वाक्य जुळत नाही.

संचात आणखी एक पट्टी हवी होती : कोरी पिवळी. 'बुलक्स ईट ग्रास' म्हणजे बैलजात गवत खाते. 'द बुलक्स आर हंग्री' म्हणजे आपल्या गोठ्यातले बैल भुकेले आहेत. पहिल्या वाक्यात नामाआधी काही नाही, आणि ते काही नसणंही निवडावं लागतं. कोरी पट्टी नसल्यामुळे मुलाला वाटतं, प्रत्येक निळ्या पट्टीआधी पिवळी लावलीच पाहिजे, आणि ते 'द ग्रास', 'द मिल्क' करत सुटतं. लग्नपत्रिकेच्या पिवळ्या पुठ्ठ्यातून चार कोऱ्या पट्ट्या कापल्या की भागतं.

'अ' की 'अ‍ॅन' हे पुस्तिका 'ए, ई, आय, ओ, यू' या अक्षरांवरून ठरवते. त्यानं 'अ‍ॅन युरिया बॅग' आणि 'अ अवर' अशा चुका होतात. याहून सोपी वाट आपल्या लिपीत आहे. शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'अ‍ॅन', व्यंजन आलं तर 'अ'. 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमएलए' यांच्या सुरुवातीला स्वर, म्हणून 'अ‍ॅन'. युरिया, युनिव्हर्सिटी 'य'नं, 'वन रुपी कॉइन' 'व'नं, म्हणून 'अ'.

काही क्रियापदं आपली पिवळी पट्टी ठरवूनच येतात, तिथं नियम शोधत बसू नये. 'टेल अ लाय', पण 'टेल द ट्रुथ'. शिकायला जायचं तर 'गो टू स्कूल', बाजाराला 'गो टू द मार्केट'. 'प्ले क्रिकेट', पण 'प्ले द हार्मोनियम'. 'मेक अ मिस्टेक', 'टेक अ बाथ'. संचात यांच्या पट्ट्या नाहीत. पूर्ण जोडी एकाच लांब पट्टीवर लिहून द्या, सुटी नको.

चकती लावताना स्पेलिंगचे नियम नामाला आणि क्रियापदाला एकच आहेत : 'बेबी'चं 'बेबीज' होतं तसंच 'कॅरी'चं 'कॅरीज', 'बॉक्स'चं 'बॉक्सेस' तसंच 'फिक्स'चं 'फिक्सेस'. पुस्तिकेत हे दोनदा, दोन धड्यांत आहे. एकदाच शिकवलं तरी पुरतं. 'हॅव'चं 'हॅज' तेवढं पाठ करावं लागतं.

पुठ्ठा जाड आहे, छपाई ठसठशीत आहे. पण पट्ट्यांना प्लास्टिकचं आवरण नाही, आणि पावसाळ्यात ओल धरून त्या वाकतात. दोन्ही बाजूंनी रुंद सेलोटेप मारून घ्या, आणि चकत्या बटणाच्या डबीत वेगळ्या ठेवा. काही दुकानांत नुसती पुस्तिका ४० रुपयांना सुटी मिळते. ती घेऊ नका. त्यातले अर्धे प्रश्न 'निळी पट्टी उचला' असेच सुरू होतात.